उन्हाळीच्या गोळ्या पाठवत नाही, त्याचं कारण

लालबाग, मुंबई
फेब्रुवारी सरत आला आहे. दुपार. शिलाई मशीन बंद ठेवून लिहिते आहे.

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या इरेचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच. प्रत्यक्षात वाकायला माझी कंबर अजून राजी नाही, त्याचं कारण पुढे येईल.)

तुझे गुडघे कसे आहेत? साखर कुठवर चढली आहे? काजूला बोंडं धरली का, की यंदाही माकडांनीच आधी हिशेब चुकता केला? तुझी सून, आपली पूर्वी, तुला वेळेवर जेवायला वाढते, की तूच तिला वाढून स्वतः चुलीशी उभ्याने चार घास गिळतेस? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुझे मेहुणे जयवंतराव निवृत्तीनंतर घरभर फिरतात आणि गॅस बंद आहे का ते बघतात. मला बरं आहे, म्हणजे आता बरं आहे. मधल्या दिवसांत जे झालं ते तुला फोनवर सांगितलं नाही, कारण तू फोन स्पीकरवर टाकून पडवीत ठेवतेस आणि सुपारी कातरत बोलतेस. मागे मी तुला माझी दाढ दुखते म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी वाडीतल्या शिंपिणीने मला लवंगेचं तेल लावायचा निरोप धाडला. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा नातू आधी वाचतो आणि मग तुला मोठ्याने वाचून दाखवतो. आताची गोष्ट दाढेच्या बरीच खालची आहे, म्हणून हे पत्र. चष्मा लावून, दार लोटून, एकटीने वाच.

परवा सूनबाई पूर्वीच्या फोनवरून तुझा निरोप आला, की उन्हाळी परत लागली आहे, लघवीला आग होते, गणपतीत पाठवल्या होत्यास तसल्या चार गोळ्या पाठव, आणि डॉक्टरकडे जा म्हणून डोकं खाऊ नकोस. ताई, गोळ्या पाठवत नाही. रागावू नकोस. तू मागावंस आणि मी नाही म्हणावं असं आजवर झालेलं नाही (तुझ्या लग्नात तू माझं नवं परकर-पोलकं नणंदेच्या पोरीला दिलंस तेव्हाही मी गप्प बसले होते). पण तुला साखर आहे, तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि तुला वर्षात ही तिसऱ्यांदा उन्हाळी लागते आहे. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. डॉक्टरकडे जा असं मी एवढ्यात म्हणत नाही. आधी माझी कशी फजिती झाली ते वाच आणि हसून घे.

माझी सुरुवात झाली डिसेंबरात. दादरला अस्तर आणि लेस आणायला गेले होते. बाहेर जायचं म्हटलं की आपण बायका काय करतो ते तुला ठाऊक आहे. सकाळपासून पाणी तोडतो. तहान लागली तर गोळी चघळतो, चहासुद्धा अर्धा कप घेतो, आणि वर मैत्रिणींना अभिमानाने सांगतो की मला बाई दिवसभर जावं लागत नाही. मी तर या विद्येत पारंगत. त्या दिवशी मात्र दुकानदाराने मोतिया रंग म्हणून पिवळा दाखवला, मग मी हट्टाला पेटले, चार दुकानं पालथी घातली, आणि घरी येते तर दारात एक नवरीमुलगी आईला घेऊन ब्लाउजच्या मापाला बसलेली. नवरीला उठवून आपण गॅलरीच्या टोकाला पळायचं कसं? मापं घेतली. आईचं गळा किती खोल यावर मुलीशी भांडण झालं, तेही सोडवलं. तोवर दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जी आग सुरू झाली ती काय वर्णावी. तुला वर्णन नकोच आहे, तू ती आज भोगतेच आहेस.

आता आमची चाळ तू पाहिलेली आहेस. आमची खोली जिन्यापाशी, आणि संडास गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे सगळी दारं, आणि दारं दिवसभर उघडी. इथे माणसाचा पगार किती हे लपून राहील, पण तो गॅलरीतून किती वेळा गेला हे लपत नाही. पहिल्या खेपेला कोणी मान वर केली नाही. पुढच्या खेपेला राधाबाईंनी लसूण सोलता सोलता डोळे वर केले. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी लसूण बाजूला ठेवला. (राधाबाई म्हणजे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. मजल्यावर कोणाला दिवस गेले हे त्या पोरीच्या आधी त्यांना कळतं.) दुपारपर्यंत मजल्याने निदान करून टाकलं आणि उपाय सुरू झाले. कोणी धण्याचं पाणी दिलं, कोणी जिऱ्याचं, कोणी सब्जा भिजवून, कोणी बार्ली उकळून, आणि शेजारच्या रखमाने तांब्याभर कोकम सरबत. नाही कोणाला म्हणता येत नाही, म्हणून मी सगळं प्यायले. एवढं पाणी पोटात गेल्यावर गॅलरीतल्या खेपा दुप्पट झाल्या, आणि खेपा दुप्पट झालेल्या बघून लोकांनी आणखी पाणी आणलं.

संध्याकाळी राधाबाईंची वाटी आली. स्टीलची, वर बशी झाकलेली. मला वाटलं खरवस असेल. उघडून बघते तर आत दोन कॅप्सूल, अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या. राधाबाई दारातूनच म्हणाल्या, "ह्या घे गो इरा. माका गेल्या वर्षी ह्याच झाला होता. मी दोनच घेतलंय, लगेच बरा वाटला. उरलेली तुका ठेवलंय." केवढी माया बघ. स्वतःच्या तोंडातल्या गोळ्या काढून मला ठेवल्या. मी एक घेतली. दुसऱ्या दिवशी आग निम्म्यावर आली. मी राधाबाईंना देवी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

पण वाटी परत करायची होती, आणि शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही हे आईने आपल्याला भात खायला शिकवायच्याही आधी शिकवलं. साखर तरी घालायची. राधाबाईंना तुझ्यासारखीच साखर आहे, त्यांना साखर काय देणार? म्हणून मी आमच्या कपाटातला डबा काढला. तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा तुला आठवत असेल. त्यात आमच्या घरातल्या सगळ्या आजारांची शिल्लक असते. त्यातून मी ह्यांच्या दाढेच्या वेळच्या दोन गोळ्या काढल्या आणि वाटीत घातल्या. मनात म्हटलं, राधाबाईंच्या सुनेला खोकला आहे, उपयोगी पडतील. (दाढेच्या गोळ्या खोकल्याला कशा, असं तू विचारशील. आमच्या मजल्याचं वैद्यकशास्त्र असं, की गोळी महाग असली म्हणजे कशावरही चालते.)

झालं, एकदा सुरुवात झाली आणि रीत पडली. मला परत जळजळ सुरू झाली, रखमाने पोराच्या कानाच्या गोळ्या पाठवल्या. मी तिच्या वाटीतून राधाबाईंच्याच कॅप्सूलमधली उरलेली एक परत धाडली. पलीकडच्या गणपतने कंपनीच्या डॉक्टरने दिलेल्या, पण त्याला "गरम पडल्या" म्हणून सोडलेल्या गोळ्या आणून दिल्या. आणि वाट्या फिरत नसल्या की खाली केमिस्ट हितेंद्र होताच. त्याच्याकडे मी अख्खी पट्टी कधी घेतली नाही. दोन द्या म्हटलं की तो कात्रीने दोन कापून देतो, कढीपत्ता मागितल्यावर भाजीवाली मूठभर देते तसा. त्या दोनांतली एक घ्यायची, बरं वाटलं की दुसरी डब्यात, आणि डब्यातून वाटीत. ताई, मला अगदी कृतार्थ वाटत होतं. वाटायचं, आपल्या चाळीत अजून माणुसकी आहे, टॉवरातले लोक एकमेकांना पॅरासिटॅमॉलची पण गोळी देत नाहीत.

मग एक दिवस गणपतच्या वाटीत एक पट्टीचा तुकडा आला आणि मी तो हातात धरून बघतच राहिले. त्याच्या कडेला कंगोरे होते. मी कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून जी कंगोऱ्यांची कात्री वापरते, त्याच कात्रीने कापलेला. म्हणजे ती आमचीच गोळी होती. दाढेची. ती माझ्याकडून राधाबाईंकडे, राधाबाईंकडून त्यांच्या सुनेकडे, तिच्याकडून रखमाकडे आणि तिथून गणपतच्या घरी जाऊन, सगळ्या मजल्याला भेटून, सुखरूप घरी परत आली होती. मी तिला ओळख दिली, ह्यांना दाखवलं, आम्ही दोघे हसलो, आणि मी ती पाण्याबरोबर घेऊन टाकली. तेव्हाच जरा थांबून विचार करायला हवा होता. पण घरी आलेल्या पाहुण्याची कोण चौकशी करत बसतं?

जानेवारीपर्यंत अशी तऱ्हा झाली की गोळी घेतली की दीड दिवस आराम, मग परत आग, आणि दर वेळी आराम थोडा कमी. कंबरेत, डाव्या बाजूला, काहीतरी ठणकू लागलं. मी म्हटलं मशीनवर बसून बसून झालं असेल. रात्री अंगावर काटा यायचा, मी म्हटलं थंडी आहे. (मुंबईत थंडी! ह्यांनी पंखा लावलेला असायचा.) हे सगळं मी तुला सांगते आहे, कारण पूर्वीने मला तुझं जे सांगितलं आहे ते शब्दन्‌शब्द असंच आहे. पण ते राहू दे, आधी पूजेचं ऐक.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते, आणि पूजेला बसायचा मान दर वर्षी एका मजल्याच्या एका जोडप्याला. आमची पाळी यायला किती वर्षं लागली ते विचारू नकोस. त्या सकाळी मला कणकण होती, पण मी डब्यातली एक गोळी घेतली, नऊवारी नेसले, नथ घातली आणि पाटावर बसले. राधाबाईंनी हौसेने ह्यांच्या शेल्याची आणि माझ्या पदराची गाठ मारली. त्या मूळच्या मच्छीमारांच्या घरच्या, त्यांची गाठ म्हणजे गाठ असते. गुरुजींनी कथा सुरू केली. लाउडस्पीकर लावला होता, म्हणजे रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही पुण्य मिळावं. पहिला अध्याय मी श्रद्धेने ऐकला. दुसरा अध्याय दात आवळून ऐकला. तिसऱ्यात मात्र गुरुजी पळीने ह्यांच्या हातावर पाणी सोडायला लागले, आणि ती बारीक धार ताम्हनात पडायचा आवाज ऐकल्यावर माझ्याने राहवेना. मी उठले.

गाठ आहे हे मी विसरले होते. मी उठले त्याबरोबर हे पण उठले, कारण त्यांना पर्याय नव्हता. गाठ सोडायला गेले तर राधाबाईंची गाठ काही सुटेना. मग मी चालू लागले. पुढे मी, नऊवारीचा ओचा धरून, आणि मागे हे, उघडे अंग, पीतांबर, हातात दर्भ, कपाळाला ओलं गंध, पायात काही नाही, असे आम्ही मांडवातून निघालो. गुरुजींनी माइकवरच विचारलं, "यजमान, कुठे निघालात?" ते सगळ्या लालबागेने ऐकलं. मांडवापासून तिसऱ्या मजल्याच्या टोकापर्यंत लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. काही म्हाताऱ्यांनी तर नमस्कारही केला, त्यांना वाटलं प्रदक्षिणेचाच भाग आहे. संडासाच्या दाराशी ह्यांनी शहाणपणा केला, शेलाच अंगावरून काढून माझ्या हाती दिला आणि पाठ करून उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा नवरा मला त्या दिवशी जितका आवडला तितका बोहल्यावरही आवडला नव्हता.

परत येऊन बसले तर आरतीच्या वेळी मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. हातातल्या तबकातली निरांजनं अशी हलू लागली की पुढच्या बाया मागे सरल्या. अंगात आलं असं कोणीतरी पुटपुटलं आणि एकीने मला हळदकुंकू लावलंसुद्धा. ह्यांनी मात्र कपाळाला हात लावला, गुरुजींना म्हणाले बाकीचं तुम्ही बघा, आणि मला तशीच, नथीसकट, टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई पोरगेली होती, पण करारी. तिने पहिलं विचारलं, आजवर काय काय घेतलंत? ह्यांनी डबा बरोबर आणला होता (ह्यांच्या डोक्यात गॅसखेरीज आणखीही काही असतं हे मला तेव्हा कळलं). तिने झाकण उघडलं, आत बघितलं आणि नर्सला हाक मारून दाखवलं. मग माझ्या हातात एक छोटी बाटली दिली आणि तपासायला नमुना द्या म्हणाली. आता गंमत बघ. महिनाभर मला दर अर्ध्या तासाला पळायला लागत होतं, भर पूजेतून उठून मी लालबागभर शोभा करून घेतली होती, आणि ती बाटली हातात आली त्या क्षणी एक थेंब येईना. बाहेरून हे विचारत होते, झालं का? मग बाहेरून त्यांनी बेसिनचा नळ सोडला, मला आवाज यावा म्हणून. तरी नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि ताम्हनातली धार आठवली. देवाने क्षमा करावी.

त्यांनी मला ठेवूनच घेतलं. ताप चढला होता, लघवीतली घाण मूत्रपिंडापर्यंत पोचली होती, कंबर म्हणून जी दुखत होती ती कंबर नव्हतीच. शिरेत सुई घालून अंदाजाने एक औषध सुरू केलं आणि तपासणीचं उत्तर यायची वाट बघत बसलो. ते दोन दिवस, ताई, मी हसत नव्हते. ताप उतरेना. हे रात्री खुर्चीत बसून माझ्या पायावर हात ठेवून राहायचे आणि मी झोपले असं समजून नाक पुसायचे.

मग उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं, ते मी तुला माझ्या भाषेत सांगते. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जंतू राहतो. तिथे तो गरीब असतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. वाट चुकून लघवीच्या जागी शिरला की मग उन्हाळी. तपासणीत त्या जंतूला बशीत वाढवतात आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीभोवती जंतू उगवत नाही ते औषध चालतं. माझ्या बशीत बहुतेक टिकल्यांना खेटून, अगदी अंगाला अंग लावून, जंतू उगवले होते. आमच्या डब्यातली एकूण एक गोळी त्यांना पचली होती.

मी म्हटलं, म्हणजे थोडं थोडं देऊन मीच त्यांना सवय लावली, पोरांना तिखटाची लावतो तशी? ती म्हणाली, तसं नाही आजी. (आजी! अठ्ठावन्नाव्या वर्षी!) एका गोळीने दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. बरं वाटलं म्हणून तुम्ही औषध थांबवता, तेव्हा त्या चिवटांना मोकळं रान मिळतं, त्यांचीच वीण वाढते. दुसऱ्याच आजाराची गोळी घेता तेव्हाही तेच. आणि पुढे जे म्हणाली ते ऐकून मी उठूनच बसले. म्हणाली, एका जंतूला औषध पचवायची विद्या आली की तो ती शेजारच्या जंतूला देऊनही टाकतो, तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. म्हणजे बघ, त्यांच्यातही वाटी फिरते! आम्ही मजल्यावर गोळ्या फिरवत होतो आणि आमच्या पोटात ते उतारा फिरवत होते. शेजारधर्म त्यांनी आमच्याहून चांगला पाळला म्हणायचा.

सुदैवाने दोन-तीन औषधं अजून त्यांच्यावर चालत होती, तीही सुईतूनच द्यायची. औषध बदललं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, हीही संपली असती तर? ती पोर एरवी फटाफट बोलते, तेव्हा मात्र नुसती माझी चादर सारखी करून गेली.

घरी आले ती उपदेश करतच आले. नव्याने शहाणं झालेलं माणूस किती असह्य असतं ते मला चाळीने चांगलं जाणवून दिलं. मी प्रत्येक दारात उभी राहून सांगायचे, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, घेतलीत तर सांगितली तितकी पुरी घ्या, उरलेल्या कोणाला देऊ नका, आग होते म्हटल्यावर आधी तपासा. लोकांनी दारं लोटायला सुरुवात केली. आमच्या मजल्यावर दारं दिवसाढवळ्या बंद झालेली मी पहिल्यांदा बघितली. राधाबाई तर अबोलाच धरून बसल्या. त्यांना वाटलं मी सगळ्यांना सांगत फिरते की त्यांच्या गोळ्यांनी मी मरायला टेकले. मला फार वाईट वाटलं. शेवटी मी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, तुमच्या गोळ्या चांगल्याच होत्या हो, पण तुम्ही त्या तुमच्यासाठी पुऱ्या घ्यायला हव्या होत्या. तुमचं पुरं बरं झालं नसेल तर मला त्याची काळजी आहे. त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माका पण मधीमधी आग होता गो. सांगूक लाज वाटता." दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाताला धरून तपासणीला घेऊन गेले. त्यांचं साध्या औषधावर भागलं, पण पुरा कोर्स मी रोज दारात उभी राहून गिळायला लावला.

तर ताई, ही अशी कथा. पाणी भरपूर पी, लागली की जा, अडवून धरू नकोस, आणि गणपतीत मी पाठवलेल्या गोळ्यांतल्या उरल्या असतील तर त्या घेऊ नकोस. पूर्वीला, नातवाला आशीर्वाद. हे तुला नमस्कार सांगतात आणि गॅस बंद करून झोपत जा म्हणतात.

तुझी धाकटी,
इरावती

ता. क. पूर्वीला रागावू नकोस. तिने चहाडी केली नाही, ती फोनवर रडत होती. म्हणाली, आई संध्याकाळी दोन गोधड्या घेऊन कुडकुडतात, कंबर धरून चालतात आणि विचारलं तर वारा लागला म्हणतात. तू मला कळवलंस ते नुसती उन्हाळी. तू लहानपणापासून अशीच. मला साधा काटा बोचला तरी वैद्याकडे पाठुंगळीला घेऊन पळायचीस आणि स्वतः विंचू चावला तेव्हा भाकऱ्या थापून मग सांगितलंस.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे माझंच तुझ्याकडे एक काम आहे. माझी फेरतपासणी करायची आहे. हे येतो म्हणतात, पण हे नळ सोडतात. ती बाटली हातात घेऊन मला एकटीला बसवत नाही. तू बरोबर असलीस तर जमेल. कुडाळला चांगली लॅब आहे आणि तिथे डॉक्टरही आहेत, पूर्वीने नंबर लावून ठेवला आहे, दोघींचा. तू माझ्यासाठी चल. स्वतःसाठी तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

ता. क. तिसरा. हे रिक्षात बसून लिहिते आहे म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. आमच्या मजल्यावरचा गणपत तिकडे निघाला होता, त्याच्याबरोबर पत्र पाठवते असं मी पूर्वीला सांगितलं होतं, पण गणपत एकटा आलेला नाही. मीही त्याच गाडीने आले आणि आत्ता तुझ्या बेड्याशी, कुंपणाच्या दाराबाहेर, फणसाखाली उभ्या रिक्षात आहे. समोर आले असते तर तू पहिल्या वाक्यालाच चहा ठेवायला उठली असतीस आणि विषय तिथेच बुडाला असता. मला भीती वाटते गं, ताई. आई गेल्यावर मला आई म्हणून तूच आहेस, आणि तुझ्याशिवाय मला माहेरचं दुसरं माणूस नाही. तुला आत्ता रिक्षाचा भोंगा ऐकू येतो आहे ना, तो मीच वाजवायला लावला आहे. चहा नको. पायात चपला घाल आणि ये.